तिसरा पोलीस

पहिल्यांदा पाहिला तेव्हा तो मेलेलाच होता.
पुलाखाली, पालथा, एका पायात बूट नाही.
हेमांगी गिरप म्हणाली, "गे, मोजो बघ, फाटलोहा."
मालिकेतल्या कुणालाच तो मोजा दिसला नाही.

वेंगुर्ल्याच्या काजू कारखान्यात सुट्टी अर्ध्या तासाची.
मोबाइल डब्याला टेकवलेला,
डब्यात सुंगटांची किसमूर,
आणि आम्ही सहाजणी, बोटं काळी.

पुढच्या मालिकेत तो ड्रायव्हर.
"साहेब, पोचलो." बस, एवढंच.
त्याच्या पुढच्या मालिकेत पोलीस, तोही तिसरा:
पहिला गोळी झाडतो, दुसरा ओरडतो,
तिसरा दार उघडून धरतो.
"ह्यो तोच मेलेलो!"
हेमांगीनं भाताचा हात तसाच वर धरला.

त्यानंतर मी नायकाकडे बघणं सोडून दिलं.
हान दो-ग्यू त्याचं नाव. आम्ही दोगू म्हणतो.

भाच्यानं त्याचं जुनं काम शोधून दिलं
आणि मी त्याचं आयुष्य उलटं पाहत गेले.
मागे जावं तसे केस दाट होतात,
वाक्यं कमी होतात.
सत्तावीस वर्षांपूर्वी एका लग्नाच्या पंगतीत
तो पेला उचलतो. पीत नाही.
कॅमेरा तोवर निघून गेलेला.

मधली चार वर्षं तो कशातच नाही.
एका मुलाखतीत सांगतो, रात्री ट्रक धुवायचो.
बापाची सुकी मासळी, किनाऱ्यावर माकुलं वाळत घातलेली,
ऑडिशनला निघालं की शर्टाला वास.
मग बसमध्ये खिडकीशी बसून
तो बाही वाऱ्यावर धरायचा.
मुलाखत घेणारी हसली.
मी नाही हसले.
सावंतवाडीच्या एस.टी.त
मी तशीच बसलेय, कित्येकदा.

हिंदीत त्याला दर वेळी दुसऱ्याच कुणाचा आवाज देतात.
एकदा तर अगदी पोरगेला.
शेवटी हिंदी बंद करून त्याचाच ऐकला:
जरा बसका, पहाटे होडी ओढताना माणसं बोलतात तसा.
वरिष्ठांसमोर मान लववून तो म्हणतो, "ने."
त्यांच्यात ने म्हणजे हो.
आमच्यात ने म्हणजे घेऊन जा.
मला दोन्ही ऐकू येतं.

मोचेमाडच्या जत्रेत पहाटे राक्षस होऊन मरणारा
शांबा मेस्त्री
सकाळी माझ्या नवऱ्याकडे पंक्चर काढायला येतो.
कानामागे निळा रंग राहिलेला.
नवरा त्याला हवेचे पैसे लावतो.

माझ्या अंगठ्याला ठसा उरलेला नाही.
काजूच्या चिकानं खाल्ला.
रेशनचं यंत्र दर महिन्याला तपासतं
आणि म्हणतं, ही ती नव्हे.
दुकानदार म्हणतो, घासून लाव.
मी घासून लावते.

परवा नवी मालिका लागली. दोगू आता पंचावन्नचा.
नायिका धक्क्यावर रडतेय, प्रियकर बोट सोडून गेलाय,
व्हायोलिन वगैरे.
आणि तिच्या मागे, जरा धूसर,
तो माकुलं साफ करतोय.
एक बोट आत, हलका पीळ,
काटा सरळ बाहेर, शाईची पिशवी न फुटता.
दुसरं. तिसरं.
त्याचं लक्षही नाही हाताकडे.

"थांबव," हेमांगी म्हणाली. "मागे घी."
मागे घेतलं.
"ह्यां कोणी शिकवक नाय ह्येका."
पुन्हा मागे.
नायिका तिसऱ्यांदा रडली, तिच्याकडे कुणी पाहिलं नाही.
सहाजणी त्या धूसर हातांवर वाकलेल्या,
मुकादमीण दारात येऊन उभी,
तीही बघायला लागलेली.

भोंगा झाला.
राखेत हात घोळवून आम्ही बिया ओढल्या.
बराच वेळ नुसता सालांचा आवाज.

मग हेमांगी, मान वर न करता:
"त्येका इचार गे कोणीतरी,
किलोमागे किती गावतत?"